चांगुणाच्या अंबाड्याची जाळी

प्रिय चांगुणे,

तुला पत्र लिहायची वेळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. पत्र लिहायला माणूस लांब असावं लागतं. तू बोनकोड्यात, मी कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत, मधे एक डांबरी रस्ता आणि दोन वळणं. आणि तुला कुठं वाचता येत होतं? मी वहीत टाक्यांचा हिशेब लिहायला बसले की तू म्हणायचीस, "तुजी अक्षरं मना मुंग्यांवानी दिसतात गो ताय." तरी लिहितेय. माझं तरी काय, चौथीपर्यंतची शाळा. चुका पोटात घाल.

काल तुझी मंदा येऊन गेली. तुझं तेरावं होऊन चारच दिवस झालेत. पोरीनं पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला आणि असं काही सांगितलं की तेव्हापासून माझा हात चालत नाही. सुई धरते, साखळी घालते, मोजते, विसरते, परत उसवते. पस्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. आमचे हे मार्केटातून आले, म्हणाले, "शालन, चूल पेटवली नाहीस?"

अगं, तू केलंस काय हे? आणि मी काय केलं?

तुझी पहिली ओळख आठवते. आम्ही नवीनच राहायला आलो होतो. पाणी तासभर यायचं, गल्लीत झाड म्हणून नव्हतं. तू डोक्यावर सुकटीची पाटी घेऊन "जवला घ्या, बोंबील घ्या" करत आलीस. माझ्या दारात पाटी उतरवलीस आणि तुझा अंबाडा सुटला. बाई गं! मी साताऱ्याकडची. केस पाहिले नव्हते असं नाही. पण हे केस खाली आले ते येतच राहिले, पार गुडघ्याखाली. मी जवळा घ्यायचा सोडून केसच बघत बसले. तू हसलीस, "नजर लागेल ना गो!"

मग तू तुझं रडगाणं सांगितलंस. अबोलीची वेणी सकाळी माळली की दुपारपर्यंत खाली घसरते, पाटीखाली मान हलली की फुलं गळतात. मी म्हटलं, थांब. आत जाऊन क्रोशाची सुई आणि लाल दोरा आणला. मला हे कुणी शिकवलेलं नाही हे तुला माहीत आहे. लहानपणी आमच्या मास्तरीणबाईंनी टाकून दिलेलं एक फाटकं तोरण मी घरी आणलं होतं. ते टाका टाका उसवून, परत घालून, असं करत शिकले. तुझ्या अंबाड्याचं माप मी माझ्या हातानं घेतलं. ओंजळीत मावत नव्हता! चार दिवसांत जाळी तयार. काठाला लाल पाकळ्या, मधे मोठी मोठी घरं. तू ती घातलीस, घरांतून अबोलीचे देठ खोवलेस आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारात येऊन पाठ फिरवून उभी राहिलीस. "बघ. एक पन फूल परला नाय!"

तेव्हापासून माझा नियमच झाला. अंबाड्याची जाळी म्हणजे फुलांसाठी. घरं मोकळी हवीत. तूच शिकवलेला नियम तो. म्हणूनच तर पुढं सगळं चुकलं.

दर रविवारी दुपारी तू माझ्या ओट्यावर बसायचीस. मी खोबरेल कोमट करून वाटीत घ्यायची आणि तुझ्या डोक्यावर घालायची. एक वाटी पुरायची नाही. तू डोळे मिटून गावाच्या गोष्टी सांगायचीस. मिठागरात तुझ्या सासऱ्यानं कसं काम केलं, जमीन गेली तेव्हा जावेनं कसा हंबरडा फोडला, मंदाच्या बापाला कंपनीत कसं चिकटवलं. मी म्हणायची, "डोकं हलवू नको." तू म्हणायचीस, "बोलू पन नको काय?" दोघी घामानं निथळायचो आणि हसायचो. पाटी उचलायची वेळ झाली की तू म्हणायचीस, "हात लाव गो ताय." मी एका बाजूनं हात लावायची, तू दुसऱ्या बाजूनं, आणि पाटी चुंबळीवर बसायची. एकट्यानं भरली पाटी डोक्यावर चढत नाही, हे मला तुझ्यामुळं कळलं.

मग ते रविवार एकदम बंद झाले.

"आता वेल नाय गो." "मंदाची परीक्षा हाय." "जावेचा अंग दुखतंय." दर वेळी नवीन कारण. मी दोन महिने वाटी भरून ठेवत होते, शेवटी वाटी उचलून ठेवली. मनात म्हटलं, बरोबर आहे, नवऱ्याची नोकरी पक्की झाली, पोरगी दहावी झाली, आता माथाड्याच्या बायकोच्या ओट्यावर कशाला बसेल? असा विचार केला मी तुझ्याबद्दल! लिहितानासुद्धा तोंड कडू होतंय.

पण तू दारावरून जाणं सोडलं नाहीस. हात लाव म्हणणंही सोडलं नाहीस. आणि मागच्याच्या मागच्या गणपतीत नवीन जाळी मागितलीस. "काली कर. आनि दाट कर ताय. भोकं नको."

मी हसले होते. आठवतं? म्हटलं, "भोकं नकोत? मग ती जाळी कसली गं? किटलीवर घालायची टोपी होईल ती!"

"होऊ दे टोपी. तू कर."

"आणि फुलं कुठं खोवशील?"

"फुलं नको आता. वय झाला."

बेचाळीस वर्षांची बाई आणि वय झालं म्हणे! तुमच्या आगऱ्यांत सत्तर वर्षांची म्हातारीसुद्धा फुलाशिवाय लग्नाला जात नाही. तेव्हा मला एवढंसुद्धा सुचू नये? मी करून दिली, पण नाक मुरडून. खांबाला खांब, म्हणजे उभ्या टाक्याला टाका चिकटवून, एवढं गच्च की त्यातून पाणी गळणार नाही. वर सगळ्या गल्लीला दाखवली. "ही बघा आमच्या चांगुणाबाईंची किटलीची टोपी!" तू घेतलीस आणि निमूट घातलीस. जाता जाता म्हणालीस, "काला दोरा उरला तं टाकू नको. मना दे. मंदाला शिकाचा हाय." मी दिला. नंतरही दर वेळी उरलेला काळा दोरा तुझ्यासाठी डब्यात ठेवत होते. मंदा काय विणतेय असं एकदाही विचारलं नाही.

मग आला मंदाचा साखरपुडा. तळवलीचा मुलगा, घर चांगलं. दसऱ्यानंतरचा मुहूर्त. तू पंधरा दिवस आधी आलीस आणि ओट्याच्या खाली उभं राहूनच म्हणालीस, "पांढरी कर ताय. मोतिया. पन दाट. त्या कालीवानी."

मी म्हटलं, "लेकीच्या साखरपुड्याला टोपी घालणार? लोक मला काय म्हणतील, शालनबाई विणणं विसरली का? मोगऱ्याची वेणी माळायची आहेस तू. अकरा घरं ठेवते, प्रत्येक घरात एक कळी."

"नको गो. दाटच कर. माजा ऐक."

"तू माझं ऐक. मला शिकवू नको."

तू पदर खोचून निघालीस. मला वाटलं, पटलं. पंधरा दिवस डोळे फोडून मी ती जाळी केली. इतकी नाजूक जाळी मी माझ्या स्वतःच्या लेकीसाठीही केली नव्हती. अकरा घरं, घराघराला मोती. मंदाच्या हाती पाठवली आणि साखरपुड्याला नवीन लुगडं नेसून मिरवत आले, की आता सगळं बोनकोडे माझी कारागिरी बघणार.

आणि तू डोक्यावरून पदर घेऊन बसलेली!

ऑक्टोबरचं ऊन, मांडवात पंखा एक, आणि तू डोक्यावर पदर घट्ट पिना लावून. बायका म्हणत होत्या, "चांगुना, वेनी माल ना गो, लेकीचा साखरपुडा हाय!" तू म्हणालीस, "डोका दुखतंय." मला असा राग आला! माझी जाळी घातलीच नाही? एवढी लाज वाटली तिची? मी उठले. तू मांडवाच्या तोंडापर्यंत मागं आलीस. "जेवून जा ताय. अशी जाऊ नको."

"पोट भरलं माझं," मी म्हटलं. "तुझ्या पदरानंच भरलं."

आग्र्यांच्या घरच्या मांडवातून न जेवता उठले मी. तुझ्या लेकीच्या साखरपुड्याच्या दिवशी. तुझा चेहरा कसा झाला होता, ते मला आत्ता दिसतंय. तेव्हा मी बघितलंसुद्धा नाही, तरातरा चालत घरी आले.

त्यानंतर दोन महिने आपण बोललो नाही. तू गल्लीतून जायचीस, "जवला घ्या" अशी हाक बाकीच्या दारांवर द्यायचीस, माझं दार आलं की गप्प. मी म्हणायची, बघा, तोरा बघा. पण तू दारापुढं पावलं हळू टाकायचीस, ते मला आतून ऐकू यायचं. मीही उठत नव्हते.

आणि तो गुरुवार. मार्गशीर्षातला. मी सकाळी घट मांडून बसले होते. फाटकाशी तुझी पाटी उतरल्याचा आवाज झाला. तू हाक मारलीस, "ताय, हाईस का?"

चांगुणे, मी होते. पडद्यामागं उभी होते. हातात सुई होती. मी श्वास धरून उभी राहिले, की हिला वाटावं घरात कुणी नाही. तू परत म्हणालीस, "ताय?" जरा थांबलीस. मग पाटी उचलल्याचा आवाज आला. एकटीनं उचललीस. मधे एकदा खाली टेकली, परत उचललीस.

चार घरं पुढं गेलीस. पाटलांच्या ओट्यावर बसलीस आणि म्हणालीस, "पानी दे गो." पाणी यायच्या आत तुझी मान कलली. हार्ट, म्हणाले डॉक्टर. एकदम आलं, कुणाच्या हातात नव्हतं, म्हणाले. असेल. पण पाटीला हात लावणं तर माझ्या हातात होतं ना?

बोनकोड्याला तुझ्या घरी आले तेव्हा बायकांनी तुला आंघोळ घातली होती. हिरवं लुगडं, हळदकुंकू, हिरव्या बांगड्या. सवाष्ण गेलीस म्हणून वेणी आणली होती, मोगरा आणि अबोली दोन्ही. मी एका कोपऱ्यात बसले होते, काय चाललंय ते कळत नव्हतं. तुझी जाऊ हिराबाई म्हणाली, "जालीवाली बाई, तुमीच या. तुमचाच काम ते. जाली सोडा, केस विंचरा, वेनी माला."

तू तीच काळी दाट जाळी घातली होतीस. किटलीची टोपी. उन्हानं विटलेली, एका जागी उसवलेली. आणि तिथं तू स्वतः साध्या सुईनं टाके घातले होतेस, वेडेवाकडे, जाड. मी दोन बोटं आत घातली.

आत केस नव्हते.

मला आधी वाटलं माझीच बोटं बधिर झाली. परत चाचपलं. मऊ, सुका, विस्कटलेला दोरा. माझाच काळा दोरा, गुंडाळून गुंडाळून गोळा केलेला. दर वेळी मी डब्यात ठेवत होते तो. जाळी जरा वर झाली आणि मागं तुझं डोकं दिसलं. चाई लागलेली. केस गळालेले गुळगुळीत चट्टे, रुपयाएवढे, वाटीएवढे, एकात एक मिसळलेले. गुडघ्याखाली येणारे ते केस, आणि मागं नुसती कातडी! फक्त पुढचे चार केस राखून तू मागं चापून बसवले होतेस, की समोरून कुणाला कळू नये.

मंदा तुझ्या पायाशी बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. मागं पंचवीस बायका. हिराबाईचा हात पुढं आला, "सरका, मी सोडते."

मी तिचा हात धरला. "जाळी काढायची नाही."

"काय बोलता? सवाष्नीचे केस विंचरल्याबिगर न्याची?"

"तिनं मला सांगितलं होतं. ही जाळी काढायची नाही म्हणून. माझ्याकडून शब्द घेतलाय."

सपशेल खोटं बोलले, तुझ्या उशाशी बसून. हिराबाई म्हणाली, "बघा बाय, मरताना पन आमच्या जावेचा तोरा!" दोघीतिघी हसल्या, रडता रडता. मी म्हटलं, "हो, तोराच. आणा ती वेणी." जाळीला भोक म्हणून नव्हतं. मीच केली होती ना तशी, गच्च! मी पिशवीतली सुई काढली, पाठीनं सगळ्यांना आड केलं आणि मोगऱ्याचा एकेक देठ त्या जाळीला दोऱ्यानं टाचला. दोन वेळा माझ्याच बोटात सुई गेली. पण तुझं डोकं कुणाला दिसलं नाही. अंबाडा भरून फुलं घालून तू गेलीस. मंदानं तेवढ्यात माझं मनगट एकदा दाबलं, आणि सोडलं.

हे सगळे दिवस मी एकच विचारत होते. सांगितलं का नाहीस? माझ्यापासून लपवलंस? तुझ्या डोक्यावर किती वर्षं तेल घातलं मी! मनातल्या मनात तुझ्यावर चिडतसुद्धा होते, मेलेल्या माणसावर.

काल मंदा आली. डबा उघडला. आत तुझ्या सगळ्या जाळ्या, पहिल्या लाल जाळीपासून. मी विचारलं, "मंदे, तुला माहीत होतं?"

"रोज सकाळी मीच बसवून द्यायची, मावशी. बापाला पन आम्ही कळू दिलं नाय."

"मग मला का नाही सांगितलं तिनं?"

"आई म्हनायची, ताय हसेल."

मी हसेन? मी? असं म्हणायला तोंड उघडलं, चांगुणे, आणि मला ती संक्रांत आठवली.

तीन वर्षांपूर्वीची. गल्लीतलं हळदीकुंकू. घरांच्या मागच्या रांगेतल्या सुलभाताई वाण घ्यायला वाकल्या आणि खुर्चीच्या खिळ्यात अडकून त्यांचं गंगावन, वेणीत घातलेले खोटे केस, निघून आलं. जमिनीवर पडलं. सगळ्या गप्प होत्या. मीच, मीच ओरडले, "अहो ताई, शेपूट विसरलात!" सगळी खोली फुटली. मग काय, मला चेवच आला. पुढं वर्षभर मी ती गोष्ट दारोदार सांगितली, कंबर वाकवून, हात मागं नेऊन, नक्कल करून. सुलभाताई त्यानंतर कुठल्याच हळदीकुंकवाला आल्या नाहीत. मला त्यात काही वाटलंही नाही.

त्या दिवशी तू हसली नव्हतीस. तू खाली वाकून ते गंगावन उचललंस, पदरानं पुसलंस आणि सुलभाताईंच्या हातात दिलंस. हे मी बघितलं होतं आणि विसरून गेले होते. आणि त्याच्या पुढच्याच रविवारी तू म्हणालीस, आता वेल नाय गो.

म्हणजे तेव्हाच सुरू झालं होतं. बोटभर असेल, दोन बोटं असेल. त्या रविवारी मी तेल घालताना पाहिलं असतं, आणि पुढं मी काय केलं असतं ते तुला माहीत होतं. माझ्यापेक्षा तूच मला नीट ओळखत होतीस.

मंदा थांबली नाही. तिनं डब्यातली शेवटची जाळी काढली. मोतिया, अकरा घरांची. मी म्हटलं, "ही तर तिनं घातलीच नाही."

"घातली ना! आरशासमोर तीनदा घातली, साखरपुड्याला. भोकांतून काला दोरा दिसाय लागला. मी म्हटलं, काढ. म्हनाली, नको, तायनं डोळे फोडून केली हाय. वरून पदर घेते. पदराखाली तीच होती, मावशी. सगळा दिवस."

चांगुणे! आणि मी म्हटलं, तुझ्या पदरानं पोट भरलं.

मग पोरीनं ती जाळी माझ्या हातात ठेवली. जवळ्याचा वास आला. मी बघायला लागले तशी मंदा म्हणाली, "त्या गुरुवारी पाटीत होती. कागदात गुंडालून नेली होती आईनं. निघताना म्हनाली, आज तायला दाखवते, डोकं पन दाखवते. काय हसाचं तं हसू दे एकदाचं. तिच्याबिगर मना करमत नाय."

म्हणून पाटी उतरवली होतीस. म्हणून दोनदा हाक मारलीस.

आता सांग, ह्याचं मी काय करू? कुणाकडं जाऊ? तू सांगायला आली होतीस, आणि मी पडद्यामागं श्वास धरून उभी होते. कालपासून तेच एक डोक्यात फिरतंय. भाकरी करताना, नळावर, हिशेबाच्या वहीत. "ताय, हाईस का?" आणि माझी मीच गप्प.

मी मंदाला म्हटलं, "मी आता गप्प राहीन. मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही." तर पोरगी काय म्हणाली ऐक. अगदी तुझ्यासारखी मान ताठ करून म्हणाली, "नाय मावशी. तवा झाकलंत ते बरं केलंत, तवा आई बोलू शकत नव्हती. पन ती त्या दिवशी सांगाला निघाली होती ना? मंग सांगा. लिहा आनि सगळ्यांसमोर वाचा. पन एक हाय. आईच्या डोक्याचं सांगाल तं हसनारी कोन होती, ते पन सांगाचं."

वीस वर्षांची पोर. माझ्या डोळ्याला डोळा देऊन बोलली. मी हो म्हटलं.

तर हे पत्र त्यासाठी. संक्रांत जवळ आली आहे. ज्या खोलीत मी शेपटाचं बोलले, त्याच खोलीत मी हे उभं राहून वाचणार आहे. वाचता वाचता रडले तर रडले. माझ्या तोंडच्या गोष्टीला ज्या हसल्या होत्या, त्यांना ही पण माझ्याच तोंडून ऐकू दे. त्याआधी सुलभाताईंच्या दारात जाईन. त्यांनी दार लावून घेतलं तर दुसऱ्या दिवशी परत जाईन. काय बोलायचं ते अजून ठरलं नाही. माफी मागायची एवढंच माहीत आहे, आणि माफी मागायची सवय नाही मला, तुला माहीतच आहे.

ती मोतिया जाळी आज सकाळी उसवायला घेतली. मोती वेगळे काढले. दोरा निघाला, पण सरळ होईना गं. प्रत्येक टाक्याचं वळण त्यात तसंच बसलेलं, कुरळा कुरळा, तुझ्या कानामागच्या बटेसारखा. धुतला नाही. वास राहू दे. त्याचीच परत घालतेय, दाट, तू सांगितली होतीस तशी. खांबाला खांब. दुपारपर्यंत हात चालला नाही, आता तीन ओळी झाल्यात. मंदा म्हणाली, लग्नात मी हीच घालेन. तिचे केस तुझ्यासारखेच आहेत, तिला दाट जाळीची काही गरज नाही. मी तसं म्हणाले, तर म्हणते, "आईनं मागितली होती ना? मंग तशीच."

मी आता वाद घातला नाही. शिकतेय.

तुला एक वचन देते, चांगुणे. कुणी माझ्याकडं दाट जाळी मागितली तर मी दाट देईन. तिला नाव ठेवणार नाही, गल्लीला दाखवणार नाही. येत्या रविवारपासून ओट्यावर तेलाची वाटी परत ठेवीन, कुणी येवो न येवो. दाराचा पडदा काल काढून टाकला. "ऊन आत येतंय," हे म्हणाले. येऊ दे. तुझी पाटी आता मंदा घेऊन फिरणार आहे, लग्न होईपर्यंत. पाटलांपर्यंत एकटीनं जाऊ देणार नाही तिला. दारात पाटी उतरली, हाक आली, की हातातलं काम टाकून मी बाहेर येईन, पाटीला हात लावीन, आणि तुला द्यायचं राहून गेलेलं उत्तर मोठ्यानं देईन.

हाय गो. ये.

तुझी ताय,
शालन